फाशी थांबवली ना?

कार्डिफ, मंगळवार रात्र

आज मी जे बोलले ते बोलायला नको होतं का? घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

आमच्या वॉर्डातले नव्वदीतले आजोबा एके काळी एका लहानशा ब्रिटिश बेटाचे गव्हर्नर होते. आता डिमेन्शिया. रोज संध्याकाळी त्यांचा उजवा हात चादरीवर पेन चाचपत राहतो. मला सेक्रेटरी समजून विचारतात, "फाशी थांबवली ना?" मी म्हणते, "हो सर, थांबवली." मग तो हात शांत होतो. डॉक्टरने खोटं बोलावं का? पण म्हाताऱ्याला झोप लागते, एवढं पुरे वाटायचं.

आज त्यांची मुलगी हेलन आली. तिला मी हे कौतुकानं सांगितलं. तिचा चेहराच उतरला.

"दयेचा अर्ज डॅडींनीच फेटाळला होता. संपातल्या दंगलीत खुनाचा आरोप ठेवलेला कामगार होता, अगदी तरुण. त्याची आई आमच्या फाटकाबाहेर बसून असायची. मी लहान होते, खिडकीतून बघायचे."

आम्ही दोघी आत गेलो, तर पुन्हा तो हात, पुन्हा तोच प्रश्न. मला फाटकाबाहेरची ती आई दिसायला लागली. तोंडून निघून गेलं, "नाही सर. फाशी दिली."

ते अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "त्याच्या आईला कोणी सांगितलं?"

हेलन म्हणाली, "कोणीच नाही, डॅडी. ती दुसऱ्या दिवशीही बसून होती."