दादाचा आवाज

३ फेब्रुवारी

सूनबाईने आज चहाच्या वेळी मला उपदेश केला. विषय – फोन! एकच किल्ली सगळ्या दारांना लावू नये, पासवर्ड लांबलचक असावा, बँकेच्या संदेशातला सहा आकडी क्रमांक साक्षात ब्रह्मदेवाने मागितला तरी सांगू नये. चाळीस वर्षे मी लोकांना वाक्‌संयम शिकवला. आता कारखान्याच्या संगणक विभागातली ही विदुषी मला तोंड मिटायला शिकवणार. ऐकून घेतले. सहिष्णुता हाही एक गुण आहे, आणि तो माझ्यात आहे.

५ फेब्रुवारी

आजचे नवे खूळ – परवलीचा प्रश्न. हल्ली म्हणे कोणाचाही आवाज यंत्रातून हुबेहूब काढता येतो. सबब, घरच्यांनी आपसांत एक प्रश्न ठरवावा. फोनवर पैशाची किंवा आकड्यांची गोष्ट निघाली की आधी तो विचारावा. "आत्यांनाही सांगून ठेवा, बाबा."

आत्या म्हणजे माझी धाकटी बहीण. परगावी एकटी असते. वडील गेल्यापासून मी बोट ठेवीन तिथे तिने सही केली आहे. 'का' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही. तिने आता माझी परीक्षा घ्यायची? "माझा आवाज हीच माझी ओळख," एवढेच म्हणालो. सूनबाई कप विसळत राहिली. तिला पटले असावे.

९ फेब्रुवारी

मी रोज सकाळी दहा मिनिटांचे निरूपण फोनवर ध्वनिमुद्रित करून श्रोत्यांच्या गटात धाडतो. आज संख्या तीनशे बारा. यावरही आक्षेप! "दुवा मिळाला की कुणीही आत येतं, बाबा. सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. यातले किती जण तुमच्या ओळखीचे?" म्हटले, ज्ञानाच्या दाराला कुलूप घालणाऱ्यांतला मी नव्हे. "मग निदान घरातल्या गोष्टी तरी सांगू नका." दृष्टांतावाचून निरूपण म्हणजे मिठावाचून जेवण, हे हिला कोण सांगणार!

आज देहबुद्धीवर बोललो. बहिणीचाच दाखला दिला – गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षानुवर्षे बँकेत पुंजी साठवते आहे, पुढच्या महिन्याची तारीखही घेऊन बसली आहे. नाशवंत वस्तूची डागडुजी ती किती करावी? अनेकांनी जोडलेल्या हातांची चित्रे पाठवली. बहिणीनेही नित्याप्रमाणे लिहिले, "दादा, ऐकलं."

१० फेब्रुवारी

तीनशे एकोणीस.

१७ फेब्रुवारी

बहिणीला लुबाडले. माझ्या आवाजात.

काल दुपारी तिला अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणारा मी – खाकरणेसुद्धा माझे, असे ती म्हणते. माझा फोन बिघडला आहे, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतो आहे. तुझ्या खात्यावर चोरांचा डोळा आहे, मी ते सुरक्षित करतो. बँकेचा आकडा येईल तो सांग, आणि कोणाशी बोलू नकोस. तिने सांगितला. दुसरा आला, तोही सांगितला. शस्त्रक्रियेची सगळी पुंजी गेली.

आज सकाळी तिने मला विचारले, "दादा, झालं का रे ते काम?" तेव्हा उलगडा. सूनबाईने तत्क्षणी बँकेला कळवले, पोलिसांत तक्रार नोंदवली. काल लगेच कळते तर कदाचित अडवता आले असते, म्हणाली. मला बोल लावला नाही. लावला असता तर उत्तर तरी देता आले असते.

१८ फेब्रुवारी

चोरापेक्षा बहिणीच्या भोळेपणाची चीड अधिक येते. साठी उलटलेल्या बाईला एक प्रश्न विचारता येऊ नये? हे सूनबाईजवळ बोललो. ती म्हणाली, "विचारायचा असतो हे त्यांना कोण सांगणार होतं, बाबा?"

उद्धट आहे.

२० फेब्रुवारी

सूनबाईसह बहिणीकडे गेलो. रुग्णालयाने तिची तारीख दुसऱ्याला दिली आहे. दार उघडायला तिला इतका वेळ लागला, की मी दोनदा घंटी वाजवली.

सूनबाईने तिच्या फोनला दुहेरी कुलूप घातले, मला विचारून माझा गट बंद केला, आणि तिला पढवले – "घाई करणारा खोटा. 'कुणाला सांगू नको' म्हणणारा खोटा. नंबर घरचा दिसला तरी भुलायचं नाही, तोही नकली दाखवता येतो. आपलं माणूस नेहमीसारखं बोलत नाही असं वाटलं, की फोन ठेवायचा आणि लगेच मला करायचा." बहिणीने सगळे कागदावर उतरवून घेतले. परवलीचा प्रश्नही ठरला.

मला राहवले नाही. म्हटले, "जन्मभर माझा आवाज ऐकते आहेस. एकदाही शंका आली नाही?"

"आली ना."

"मग?"

"त्याने आधीच विचारलं, गुडघा कसा आहे. जिना चढवतो का. जेवलीस का. मी म्हटलं, हा काही दादा नव्हे." ती पदराशी चाळा करीत होती. "मग म्हटलं, वय झालं, बदलला असेल. बदलला असेल तर बरंच की."

सूनबाई खिडकीबाहेर पाहत राहिली.

२४ फेब्रुवारी

चार दिवस विचार करून आज बहिणीला फोन केला. प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले होते. तिने 'हॅलो' म्हणताच विचारले – गुडघा कसा आहे? जेवलीस का?

तिने फोन ठेवला.

दुसऱ्याच क्षणी स्वयंपाकघरात सूनबाईचा फोन वाजला. "घाबरू नका, आत्या," ती म्हणत होती. "शांतपणे सांगा. काय काय विचारलं त्याने?"