अस्थि-विभागाला मान्यता

३ नोव्हेंबर १९५८
आज विश्वस्तांची मीटिंग. आमच्या परळच्या हॉस्पिटलातल्या फ्रॅक्चर वॉर्डला सरकारकडून 'स्पेशल सेंटर' म्हणून मान्यता मिळवायची असं ठरलं. तयारीची जबाबदारी सेक्रेटरीवर, म्हणजे माझ्यावर. दुसरं आहे कोण.
वॉर्डच्या सर्जन डॉ. मीनाक्षी म्हणाल्या, मान्यता मिळाली तर हाताखाली दोन डॉक्टर मिळतील. नाही मिळाली तर वॉर्ड बंद करून जागा दातांच्या विभागाला जाणार. बाई कित्येक वर्षं एकट्या राबतायत. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही हाडं सांभाळा, प्रतिष्ठा मी सांभाळतो. त्या घड्याळ बघून वॉर्डात गेल्या. भारावल्या असाव्यात.
संकल्प: सगळी तयारी मराठीतून. द्वैभाषिक राज्य लादणाऱ्यांच्या तपासणी कमिटीला एका वॉर्डपुरता तरी संयुक्त महाराष्ट्र दाखवायचाच.

४ नोव्हेंबर
दिवसभर शब्द घडवले. ऑफिसचं बाकीचं काम राहिलं. प्लास्टर म्हणजे 'दृढलेप'. सिस्टर कालिंदींना सांगितला. त्यांनी विचारलं, तो चंदनात कालवायचा की दुधात. कॉन्व्हेंटात शिकलेल्या आहेत, दोष त्यांचा नाही.

८ नोव्हेंबर
पाटी लागली. 'फ्रॅक्चर वॉर्ड' हे गुलामीचं चिन्ह गेलं. आधी 'अस्थिभंग-विभाग' लिहायचं होतं, पण 'भंग' शब्द दाराशीच अशुभ वाटला. मी तो गाळला. आता तांबड्या ठळक अक्षरांत नुसतं 'अस्थि-विभाग'. भारदस्त दिसतं. रस्त्यावरून येणारेजाणारे थांबून बघतात.

११ नोव्हेंबर
वॉर्डबॉय गुणाजी मालवणचा, जरा चौकस. म्हणाला, "साहेब, लोकां विचारतत, हय कोणाच्या अस्थी ठेवतत?" एक म्हातारा पितळी तांब्या घेऊन आला होता म्हणे. नाशिकला कधी पोचवता, असं विचारत होता.
लोकशिक्षण लागणारच. मागे हटणार नाही.

१४ नोव्हेंबर
वरळी कोळीवाड्यातून लहू नावाचा पेशंट आणला. होडी ओढताना मांडी मोडलेली. त्याची बायको रखमा दारातच अडून बसली. कोणीतरी पाटी वाचून दाखवली होती. "माजा घो जिता हाय. त्याला अस्थीच्या खोलीत नाय टाकायची."
मी तिला संस्कृत व्युत्पत्ती समजावून सांगितली. तिने ऐकून घेतली आणि नवऱ्याला उचलून दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. जाताना मला जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. पण होतं शुद्ध मराठीच.

१७ नोव्हेंबर
संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा. भाषेसाठी तुरुंगात जायचा निश्चय तिथेच केला. घरी येऊन बायकोला, नलूला सांगितलं. ती म्हणाली, जाताना स्वेटर न्या, आणि आधी जेवून घ्या, कोलंबी गार होतेय. जेवलो. निश्चय कायम आहे.

२१ नोव्हेंबर
वॉर्ड जवळजवळ रिकामा. त्यामुळे स्वच्छता अप्रतिम. चादरींना सुरकुती नाही. कमिटीवर छाप पडणार.

२२ नोव्हेंबर
डॉ. मीनाक्षी ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. डिलाईल रोडचा महादेव म्हणून एक गिरणी कामगार आहे. कोपर मोडलं तेव्हा घरच्यांनी त्याला आमच्या दारापर्यंत आणला होता, पण पाटी बघून परत फिरवला आणि कुठल्याशा हाडवैद्याकडे नेला. त्याने इतकं करकचून बांधलं की आज बोटं काळीनिळी होऊन इथे आला. हात वाचेल, म्हणाल्या, पण गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, पूर्वीसारखा चालेल की नाही, सांगता येत नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कोठारे, मलाही मराठी राज्य हवंय. पण त्याला हात असलेली माणसं लागतील."
यावर उत्तर होतं माझ्याकडे. त्या गेल्यावर सुचलं. आता आठवत नाही.
जेवण गेलं नाही. पण पाटी तत्त्वाची आहे. अडचण पाटीची नसून वाचकांची आहे.

२४ नोव्हेंबर
बाईंनी माझ्या पाटीवर पुठ्ठा टांगलाय. त्यावर शाईने 'मोडलेल्या हाडांचा वॉर्ड, आत या'. 'आत या'! हे काय खानावळ आहे? परवा कमिटी. पुठ्ठा काढायला गुणाजीला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई वरडतील." ठीक. उद्या सकाळी मी स्वतः काढतो. स्टूल आहे.

२५ नोव्हेंबर
स्टूल सरकारी लिलावातलं. याउपर काही लिहीत नाही.
दुपारी: उजव्या पायाची दोन्ही हाडं, गुडघ्याखाली. बाईंनी एक्स-रेचा फोटो काढला, हाडं बसवली, दृढलेप घातला. ओरडताना मी 'प्लास्टर' म्हणालो असं सिस्टर कालिंदी सांगतात. पुरावा नाही.
महादेवला काल मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. त्यामुळे वॉर्डात मी एकटाच.

२६ नोव्हेंबर
सकाळी कमिटी आली. तीन डॉक्टर. अध्यक्षांनी विचारलं, एवढ्या वॉर्डात पेशंट एकच? बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, सध्या एकच, पण केस चांगली आहे.
माझा फोटो उजेडात धरून पाहिला. पायाची बोटं हलवायला लावली. अध्यक्ष म्हणाले, हाडं सुरेख बसलीत, आमच्याकडेसुद्धा यापेक्षा चांगलं झालं नसतं. मग जुन्या पेशंटांचे फोटोही बघितले. बाईंचे डोळे भरल्यासारखे वाटले. मलाही काहीतरी झालं, औषधाचा परिणाम असावा.
हीच वेळ होती. कोपरावर उठलो आणि पाठ केलेलं स्वागतपर भाषण सुरू केलं: "अस्थि-विभागाच्या वतीने, सन्माननीय परीक्षक-मंडल, दृढलेपाच्या या मंगल प्रसंगी..." द्वैभाषिकावरचा भागही सोडला नाही. अध्यक्षांनी माझी नाडी धरली. संपेपर्यंत सोडली नाही. मी ते हस्तांदोलन समजलो.

२७ नोव्हेंबर
मान्यता मिळाली. सगळे बाईंना पेढे भरवत होते. मलाही एक मिळाला. वॉर्ड राहणार, दोन डॉक्टर येणार. मी नेटाने लढलो म्हणूनच हे झालं. तसं मी बोलून दाखवलं. गुणाजी 'व्हय, व्हय' म्हणाला आणि उशी सारखी करून गेला.
अध्यक्षांनी जाताना एकच सूचना केली होती म्हणे. खिडकीजवळचा पेशंट पडला तेव्हा डोक्यालाही मार बसला असावा, असंबद्ध बोलतो, तेव्हा डोक्याचाही एक फोटो काढून घ्यावा.
मी ठाम विरोध केला. सेक्रेटरी म्हणून लेखी निषेध नोंदवीन म्हणालो. खुर्चीत बसवून नेलं.
संध्याकाळी बाई स्वतः रिपोर्ट सांगायला आल्या. डोक्यात काही नाही.