उपडं ताट

आई, मी तुमची सून. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तुमच्या लेकाला मागच्या पोळ्याला दोन. मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण आता रोज महाल भागातल्या वाचनालयात जाते. परवा तिथं एका पुस्तकात वाचलं, की लहानपणी घरात मार आणि उपास भोगलेली मुलं पुढं फौजेत गेली, कितीही कणखर झाली, तरी ते अंगात राहतं. फौज सुटल्यावर कुणाच्या वजनातून, कुणाच्या झोपेतून वर येतं. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर पायरीवर येऊन बसले.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात धरून म्हणाला होतात, "त्याले पोटभर दे वं पोरी. बाकी काही इचारू नको." मी विचारलं नाही. फौजेतून सुट्टीवर आले की ते मान खाली घालून, ताटाभोवती डावा हात धरून भराभरा जेवायचे. मी हसायचे, "कोणी पळवून राहिलं का तुमचं ताट?" फौजेत का गेलात, असं कुणी विचारलं, अगदी पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुणा म्हणून बोलावून विचारलं, तरी त्यांचं उत्तर एकच, "लंगरात दुसरी पोळी मागितली तर कोणी काहून म्हणत नाही." पोरं हसायची, मास्तर कसनुसे व्हायचे.

पेन्शनीत आल्यावर ते हिंगण्याच्या एका कारखान्यात गेटवर लागले. पळणं सुटलं, खाणं सुटलं नाही. सोबतचे गार्ड चिडवायचे, "हवालदारसाहेब, पोट गेटवर पोहोचलं, तुम्ही कुठं राहिले?" तेही हसायचे. धुण्याच्या वेळी मात्र त्यांच्या खिशातून वाळक्या पोळीचे तुकडे निघायचे. मग साखर वाढली, गुडघे गेले, धाप लागते म्हणून ते बसून झोपायला लागले. डॉक्टर मला म्हणाले, यांच्या खाण्याला तुम्हीच आवर घाला. मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

त्या दुपारी ते ड्यूटीवरून आले, हात धुतले, कुलूप पाहिलं. गुडघे गेल्यापासून खुर्चीवर जेवायचे. त्या दिवशी भिंतीला धरून खाली बसले, मांडी घातली, समोरचं ताट उपडं केलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ झाले. "काहून लेकरासारखं करून राहिले?" मी म्हटलं. "जेव तू," ते म्हणाले, "मले भूक नाही." दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं, पण त्यांनी त्या कपाटाला पुन्हा हात लावला नाही. काही हवं असलं की दारात उभे राहून विचारायचे, "घेऊ का वं?" साठीचा माणूस.

त्यांच्या तेरवीला नणंदेनं सांगितलं. मामंजी चिडले की लेकाला पंगतीत बसवायचे, ताट उपडं, हात गुडघ्यांवर. सगळ्यांचं जेवण होईस्तोवर हलायचं नाही. मागाहून काही मिळू नये म्हणून डब्यांच्या कपाटाला कुलूप. "चावी मायच्या कमरेले राहे," ती म्हणाली.

किल्ली तुमच्याकडे होती, आई. मामंजींचा धाक मीही पाहिला आहे. तुमचं काही चालत नव्हतं हे कळतं. पण मला तेवढं सांगायचं होतंत. मी डॉक्टरांना सांगितलं असतं, यांच्याजवळ बसून विचारलं असतं. कुलूप तरी लावलं नसतं.

हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवायचा म्हणून लिहायला घेतला होता. आता ठेवणार नाही. तुमच्यावर रागवायला बसले, पण कुणालाच सांगितलेलं नाही ते माझंच एक राहून गेलं. त्या दुपारी ते "जेव तू" म्हणाले, आणि वरण निवत होतं म्हणून मी त्यांच्यासमोर बसून जेवले. पोटभर.