पांढरी रेघ तिरकी झाली

मंगळ. ४ मार्च
काल दुपारी ट्रॅक्टर अन् मळणीयंत्र जोडणारा शाफ्ट दुरुस्तीला घेऊन नाना वर्कशॉपात आले. मागं सुरेखा, त्यांची मुलगी. तिच्यासाठीच या खर्डा गावात टिकलोय, नाहीतर कॉलेजसारखं हेही सोडलं असतं. नाना म्हणाले, "आमच्या अर्ध्या इंजिनेरला जमंल का?" सु. हसली. तिथंच सगळं फिरलं. डोकं गेलं. शाफ्ट घासताना लेथवर एक काप जास्त घेतला. चाळीस मिलिमीटरचा छत्तीस. जोड सैल बसायला लागला. वर्कशॉपवाले अण्णा मिस्त्री जेवायला गेलेले. पत्र्याची पट्टी गुंडाळली, जोड ठोकून बसवला. कुणाला कळलं नाही.

बुध. ५
कॉलेजातलं एवढंच डोक्यात राहिलंय : शाफ्टच्या पिळाचा जास्तीत जास्त भार बाहेरच्या कातडीवर, गाभा नुसता सोबतीला. मी कातडीच सोलली. जाडी दहावा हिस्सा गेली, ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त. तीनदा गुणून बघितलं.

गुरु. ६
शाफ्ट बसवला की त्याच्या लांबीवर पांढऱ्या पेंटची सरळ रेघ मारायची, चार दिवसांनी बघायची, ही अण्णांची पद्धत. मला चार दिवस निघेनात. नानांच्या खळ्यावर गेलो. मशीन बंद होतं. रेघ टोकाकडं बोटभर तिरकी. भार गेला की पीळ सुटायला हवा. हा सुटलेला नाही, म्हणजे लोखंड कायमचं पिळलंय.
नानांना म्हटलं, जरा हळू फिरवा.
"लोखंड हाय ते, दोरी न्हाई. उगं भ्या दावू नको."
सु. शाफ्टच्या अंगालाच पेंढ्या द्यायला उभी. ओढणी कमरेला खोचलेली. खरं बोललो नाही. तसाच परत आलो.

शुक्र. ७
अण्णा बाराला सहज बोलले, नानांनी आज मशीन उतारावर लावलंय. म्हणजे ट्रॅक्टर खाली सरकणार, शाफ्ट ओढला जाणार. नुसता पीळ सोसलाही असता. वर हा ताण...
अण्णांना सगळं सांगून टाकलं, पत्र्यासकट. मारतील वाटलं. शांतपणे म्हणाले, "मला काय सांगतो? ज्याच्या खळ्यावर फिरतोय त्याला सांग."
सु.ला सहा फोन. मशीनच्या आवाजात कुठलं ऐकू जायला. आता जेवणाच्या सुट्टीतही उचलेना; दोनला मशीन परत सुरू करतात. पावणेदोन झाले.
नाना मला दारात उभं करणार नाहीत. ती परत माझ्याकडं बघणार नाही. नको बघूस, पण तिथून बाजूला तरी हो.
वही इथंच ठेवतो. दार ओढून घेतो अन् खळ्यावर निघतो, सगळं सांगायला.