फोनला चिकटलेली चकती

रविवार, संध्याकाळ

आज माझीच मला लाज वाटतेय. कुरुंदवाडला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. फोटोसाठी माझ्या लेकीला, सईला, जवळ घेताना हातातला फोन तिच्या डोक्याला घासला. सई सात वर्षांची. तिला ऐकू येत नाही म्हणून ऑपरेशन करून यंत्र बसवलंय. त्याची बाहेरची गोल चकती लोहचुंबकानं डोक्याला चिकटून राहते. आणि माझ्या फोनच्या मागं गाडीतल्या स्टँडसाठी लावलेली चुंबकाची रिंग. चकती सुटली ती फोनलाच चिकटली.

"पोरीचा कानच फोनला चिकटला की गं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. का हसले मी? चारचौघांत वाईट दिसू नये म्हणून?

सईला काहीच ऐकू येत नव्हतं. डोक्यावर हात ठेवून ती एकेकाचं तोंड बघत होती. शेवटी माझ्याकडं बघितलं, तर मीही हसतच होते. तो डोक्यावरचा हात डोळ्यांपुढून जात नाही.

चकती परत लावली होती. गाडीत तिनं विचारलं, "सगळे का हसत होते?"

"काही नाही गं," मी म्हणाले. घरी आल्यावर मात्र राहवेना. समोर बसवून सगळं खरं सांगितलं.

"तू पण हसलीस?"

"हो."

"जोरात?"

तिला ते कळायला मार्गच नव्हता. खोटं बोलता आलं असतं.

"जोरात," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि उठून आत तिच्या बाबांकडं गेली. आत दोघं काहीतरी बोलतायत. मला अजून आत जायचा धीर होत नाही.