डॅन्फर्थ काउंटीची सेहेचाळीस माणसं

३ मार्च, शुक्रवार
आज लोकसंख्येच्या अंदाजांची यादी बाहेर पडली. नेब्रास्काच्या त्र्याण्णव काउंट्या, त्र्याण्णव टक्केवाऱ्या. सकाळपासून फोन! ज्यांची लोकसंख्या वाढली ती त्यांच्या कर्तृत्वाने, ज्यांची घटली ती माझ्या चुकीने. राज्याच्या ऑफिसात हे अंदाज काढत सव्वीस वर्षं हेच ऐकतेय.

कहर म्हणजे डॅन्फर्थ काउंटीचा अध्यक्ष, डेलमार स्ट्रौड. सात वर्षांपूर्वी तिथे ६५५ माणसं होती, आता माझ्या अंदाजाने ६१८. जवळजवळ पावणेसहा टक्के घट. शेजारची पेल काउंटी ७०२ वरून ७०९ — एक टक्का वाढ. हा ओरडतो, "मॅडम, पेल वाढली? पेल? तिथं वाऱ्याशिवाय कोण राहतं हो!"

त्याचा जीव कशात अडकलाय ते ठाऊक आहे. दोन्हीकडची हायस्कुलं एक होणार. जी काउंटी जास्त वेगाने वाढतेय, शाळा तिथे राहणार. म्हणून एवढा कळवळा. पोरं भराभर गाव सोडत होती तेव्हा साहेब कुठे होते?

६ मार्च
स्ट्रौडचा लेखी आक्षेप आला. सोबत नावांची यादी — ६७१! घरोघर जाऊन मोजली म्हणे. पहिल्याच पानावर एकशे चार वर्षांच्या एक बाई. दुसऱ्यावर त्यांचे यजमान, वय एकशे आठ. डॅन्फर्थचं पाणी मानवतंय म्हणायचं.

८ मार्च
"जाऊन पडताळून ये," इति आमच्या ऑफिसातले साहेब. पाच तास गाडी हाकायची, एका लबाडासाठी.

१४ मार्च, मंगळवार
डॅन्फर्थ. एक रस्ता, एक धान्याची कोठी, एक कॅफे. कॉफी पाण्यासारखी. काउंटीची क्लार्क वर्ना ओबरली सोबत होती. बरी बाई आहे. यादीतलं एखादं नाव आलं की मान खाली घालायची, त्यावरून कळायचं की हा मेला किंवा गेला. स्ट्रौड मागच्या सीटवर.

बारा मेलेले. त्रेचाळीस गाव सोडून गेलेले. त्यात स्ट्रौडचा स्वतःचा नातू! तीन वर्षं झाली, डेन्व्हरला असतो.

"ख्रिसमसला येतो ना घरी," स्ट्रौड म्हणाला.

"मग सांताक्लॉजचंही नाव घाला."

वर्नाला हसू आवरेना. त्याचे कान लाल झाले. साठीचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा खिडकीबाहेर बघत बसला.

उरले ६१६. माझ्या अंदाजाहून दोनने कमी. खोटं तरी धड बोलावं माणसाने!

१५ मार्च
परत निघण्याआधी एन्गलहार्टच्या डेअरीवरून गेलो. गोठ्यांमागे दहा ट्रेलर ओळीने उभे. दोऱ्यांवर कपडे, दारात सायकली.

"हे कोण?"

"डेअरीतले. ग्वाटेमालाचे," वर्ना म्हणाली. "चार वर्षं होतील आता."

"यादीत नाहीत."

स्ट्रौड म्हणाला, "ते आपले नाहीत हो, मॅडम. कामाला आलेत, जातील."

मेलेले आपले, डेन्व्हरचे आपले, आणि जे रोज पहाटे उठून यांच्या गाई पिळतात ते नाहीत! इतका आंधळेपणा मी उभ्या राज्यात पाहिला नाही. (माझ्याही अंदाजात ते नव्हते. ही माणसं कागदावर येत नाहीत आणि माझा अंदाज कागदांवर चालतो. पण ती गोष्ट वेगळी.)

स्ट्रौडला गाडीतच बसवलं. पहिल्या ट्रेलरचं दार एका बाईने साखळी न काढताच उघडलं. एउलालिया. मोडकं इंग्रजी, पण नजर धारदार.

"नावं कशाला? इमिग्रेशनच्या पोलिसांना द्यायला?"

"एकच माणूस दोनदा मोजू नये म्हणून. बाहेर जातो तो फक्त आकडा. नाव माझ्या ऑफिसबाहेर जात नाही. तसा कायदाच आहे."

"तुम्ही शब्द देता?"

"देते."

तिने साखळी काढली. मग तीच माझ्यापुढे चालत दारोदार गेली, तिच्या भाषेत समजावत. सेहेचाळीस. त्यात एकोणीस मुलं. निघताना हातात गरम तमालेस ठेवले, केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे. गाडीत स्ट्रौडला वास आला असणार. दिले नाहीत.

१७ मार्च, शुक्रवार
६१६ आणि ४६ — ६६२. म्हणजे वाढ! एक पूर्णांक सात शतांश टक्के. पेलपेक्षा केसभर जास्त. शाळा डॅन्फर्थला. ज्यांना हा आपलं म्हणत नव्हता त्यांनी याची शाळा वाचवली.

नियमाप्रमाणे फक्त आकडा कळवायचा. पण आकडा वाचून त्या माणसाला लाज वाटली असती का? छे! ढेकर देऊन झोपला असता. म्हणून नावांची यादी जोडली, पत्त्यांसकट. वर लिहिलं — "तुमच्या नाकाखालची माणसं. एकेक नाव मोठ्याने वाचा."

पाठवलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

२०, २१ मार्च
काही नाही. पेलचा अध्यक्ष फोनवर थयथयाट करून गेला. तोही तसलाच.

२३ मार्च, गुरुवार
वर्नाचा फोन. परवाच्या काउंटीच्या बैठकीत स्ट्रौडने उभं राहून यादी वाचली. सगळी सेहेचाळीस नावं, चुकत, अडखळत, पण एकही गाळलं नाही. मग म्हणाला, "चार वर्षं यांच्या दारावरून गेलो, एकदा हात केला नाही. लाज वाटते मला." सगळे उठून उभे राहिले. "अहो, डेलमारच्या डोळ्यांत पाणी होतं!"

असेल. शाळा मिळाल्यावर कुणाच्याही येईल.

"आणि आज पेपरात पहिल्या पानावर आलंय," ती म्हणाली. "'आपले नवे शेजारी'. त्यानेच दिलं."

"काय दिलं?"

"यादी. लोकांनी जाऊन भेटावं म्हणून."

"पत्त्यांसकट?"

"हो. का हो?"

जेवण गेलं नाही.

२५ मार्च, शनिवार
स्ट्रौडचा फोन, घरच्या नंबरावर. ओरडला नाही. बायकोने केलेला केक घेऊन तो सकाळी डेअरीवर गेला होता, सगळ्यांना शाळेतल्या जेवणाचं आमंत्रण द्यायला. दहाही ट्रेलरची दारं उघडी. आत कोणी नाही. एका शेगडीवर घेवड्याचं पातेलं तसंच.

"मॅडम, माझं काही चुकलं का हो?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं नाही."