पाच दगडांची खूण

प्रिय आई,

तू विणलेले मोजे मिळाले. युटाच्या या वाळवंटात ते घालायला आधी थंडी पडायला हवी! मी वेळेवर जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

इथल्या दगडी कमानीची वाट सोपी आहे, जेमतेम मैलभर. हौशी लोक गंमत म्हणून दगडांचे ढीग रचतात, त्यांना खूण समजून दुसरे वाट चुकतात. म्हणून आम्ही रखवालदार ते पाडत जातो. मंगळवारी मीही एक पाडला, शीळ घालत.

तो ऑरव्हिल नावाच्या म्हाताऱ्यानं रचला होता. बायकोचा पाय मुरगळला, म्हणून तिला तिथल्या घळीत सावलीला बसवून तो पाणी न्यायला खाली आला होता. त्याच्याबरोबर आम्ही वर गेलो तर खूण गायब, आणि घळी सगळ्या सारख्याच. बाई संध्याकाळी सापडल्या, तेव्हा उन्हानं आणि तहानेनं सगळं संपलं होतं.

“पाच दगड ठेवले होते रे पोरा, गेले कुठे?”

“वाऱ्यानं पडले असतील, आजोबा,” मी म्हणालो.

त्यांनी माझे हात धरून आभार मानले.

बाबांना हे वाचून दाखवू नकोस. त्या दिवशी वाराच नव्हता गं, आई.

तुझाच,
डेल